पीठ तुमचं, भट्टी आमची : मंदीच्या दिवसांत गावात बेकरीकाम सुरू करताना

२०२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. बाजार समितीत बोली लागायची ती त्याच्या बरीच खाली, आणि पावसाने काळवंडलेल्या दाण्याकडे तर व्यापारी बघायलाही तयार नव्हता. अशा वर्षी गावातला पैसा कसा आटतो, ते शेतकऱ्याच्या घरात राहणाऱ्याला सांगायला नको. आधी कपडालत्ता थांबतो, मग किराण्याची यादी आखडते, आणि मग घरातली बाई म्हणते, आपणच काहीतरी चालू करू. त्या दिवाळीपासून माझ्याकडे अशा आठ-दहा जणी येऊन गेल्या. सगळ्यांचा प्रश्न एकच : "ताई, आमाले बी बेकरी टाकाची हाय. किती लागन?"

हिंगणघाटच्या जवळच्या एका खेड्यात मी गेली काही वर्षं घरातूनच हे काम करते. त्यांना जे तोंडी सांगितलं तेच इथे लिहिते.

पहिलं उत्तर हे, की बेकरी टाकायची नाही. शटर, काचेचं कपाट, बोर्ड, मैद्याची थप्पी, यातलं काहीच नाही. गावात पैसा खेळत असेल तेव्हा या गोष्टी निभून जातात. भाव पडलेल्या वर्षी मात्र मालात अडकलेला रुपया सुटत नाही. आपल्याकडे एक जुनी रीत आहे, तिच्यापासून सुरुवात करा.

आम्ही लहान होतो तेव्हा दिवाळीच्या आधी आई मैदा, रवा, साखर, डालडा डब्यांत भरून द्यायची. ते डबे सायकलला बांधून आम्ही तालुक्याच्या भट्टीवर न्यायचो. भट्टीवाले चाचा सगळं तोलून घ्यायचे, मळायचे, भाजायचे आणि संध्याकाळी तेलाच्या रिकाम्या पिप्यात बिस्किटं भरून द्यायचे. पीठ आपलं, तूप आपलं, चाचांची फक्त भट्टी आणि हात. किलोमागे मजुरी मोजायची आणि पिपा घेऊन घरी यायचं. विदर्भात ही चाल अजून मेलेली नाही, फक्त भट्ट्या कमी झाल्या आणि गावापासून लांब गेल्या. तुम्हाला ती भट्टी व्हायचं आहे.

मंदीत हे बसतं, कारण गिऱ्हाइकाच्या घरी पीठ-साखर असतेच, कुणाकडे गाईचं तूप असतं. त्याला रोख द्यावी लागते ती मजुरीपुरती. तुमच्याकडे माल साठत नाही, शिळा होत नाही, उंदीर खात नाहीत.

भट्टीआधी पातेलं

कुठलीही मशीन घेण्याआधी महिनाभर पातेल्यात शिका. जाड बुडाचं जर्मनचं मोठं पातेलं घ्या, तळाला दोन बोटं जाड मीठ पसरा, त्यावर जाळी ठेवा, झाकण लावून दहा-पंधरा मिनिटं मंद आचेवर तापवा आणि ताटलीत नानखटाई मांडून आत सोडा. एका वेळी दहा-बारा होतात. खालून करपतील, वरून फिक्या राहतील, पहिले चार-पाच घाणे घरच्या पोट्ट्यांनाच खावे लागतील. पण पीठ किती सैल हवं, सोडा जास्त झाला की तोंडात साबणासारखी चव कशी येते, साखर जाडी राहिली की काय होतं, हे सगळं शंभर-दोनशे रुपयांत कळतं.

या महिन्यात एक काटा मात्र विकत घ्या. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा, दहा किलोचा डिजिटल काटा हजार रुपयांच्या आसपास मिळतो. वाटीने मोजणारीचा माल दर वेळी वेगळा येतो आणि गिऱ्हाईक एकदाच माफ करतं.

शिकायला पैसे मोजू नका. प्रत्येक जिल्ह्यात बँकेमार्फत चालणारी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहे. तिला सगळे आरसेटी म्हणतात. तिथलं प्रशिक्षण मोफत असतं, राहण्या-जेवण्यासकट. बेकरीची तुकडी कधी निघते ते विचारून नाव देऊन ठेवा. वर्धा जिल्ह्यातल्यांना सेलसुऱ्याचं कृषी विज्ञान केंद्रही आहे. तिथे गृहविज्ञानाच्या विषयात काय चालू आहे, ते एकदा बघून या.

मशीन आणि गावची वीज

साठ लिटरचा विजेवरचा ओव्हन, ज्याला ओटीजी म्हणतात, तो सुरुवातीला पुरतो. नवा दहा ते पंधरा हजारांत येतो. मी घेतला तो जुना, साडेसहा हजारांना, नागपुरातल्या एका घरून. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये शहरात घरोघरी केक सुरू झाले होते, आणि नंतर बऱ्याच जणींनी सोडले. त्यांची मशीनं अजून स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर धूळ खात आहेत. ओळखीत विचारा. घेण्याआधी दोन्ही कॉइल लाल होतात का आणि दाराचं रबर-बिजागर घट्ट आहे का, हे तिथेच चालू करून बघा.

साठ लिटरचं मशीन साधारण २,००० वॅटचं असतं, म्हणजे नऊ अँपिअरच्या आसपास ओढतं. त्याला मोठा सोळा अँपिअरचा प्लग हवा, स्वतंत्र वायर हवी आणि अर्थिंग हवीच. टीव्हीच्या बोर्डातून एक्स्टेंशन काढून चालवू नका. वायरमनला एकदा पाचशे-हजार द्यावे लागतील, ते वाचवायचे नाहीत.

आता जे कुठल्याही पाककृतीत लिहिलेलं नसतं ते सांगते. गावात संध्याकाळी व्होल्टेज पडतो, आणि ओव्हनची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० ऐवजी १८० व्होल्ट आला तर मशीनची ताकद जवळपास चाळीस टक्क्यांनी उतरते. बटण १७० वर असलं तरी आत तेवढी उष्णता वेळेत भरत नाही, तूप वितळून पसरतं आणि नानखटाईची चपटी पुरी होते. मी दोन महिने मैद्याला दोष देत होते! मग तीनशे-चारशे रुपयांचा ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर आणला, तेव्हा कळलं. तो थर्मामीटर तुम्ही पहिल्या दिवशीच आणा. आणि भाजणी पहाटे चार ते आठ ठेवा. तेव्हा वीजही बरी असते आणि मे महिन्यात माणसालाही सहन होतं. विदर्भाचा उन्हाळा ४५-४६ अंशांचा, त्यात दुपारी बंद खोलीत ओव्हनसमोर उभं राहणं हा जिवाशी खेळ आहे.

घाणा आत असताना वीज गेली तर दार उघडू नका. दहा-बारा मिनिटं झाली असतील आणि वीज लवकर आली तर माल वाचतो. नुकताच आत घातला असेल तर ट्रे बाहेर काढून थंड जागी ठेवा आणि वीज आल्यावर मशीन पुन्हा पूर्ण तापवून मगच घाला.

गॅसची भट्टी नंतर घ्यायची झाली तर १९ किलोचं व्यावसायिक सिलिंडर लागतं. घरगुती टाकीवर धंदा करणं नियमात बसत नाही.

मजुरीचं काम कसं घ्यायचं

या भागावर मी सगळ्यात जास्त बोलते, कारण भांडणं इथेच होतात.

माझ्या पहिल्या दिवाळीत एका काकूंनी तीन किलोचं सामान दिलं. बिस्किटं परत नेली आणि संध्याकाळी दारात उभ्या राहिल्या. "मी तीन किलो देल्लं होतं वं, हे अडीचच भरते. माह्यं तूप कुठं गेलं?" त्यांचं तूप कुठेच गेलं नव्हतं. भाजताना ओलावा उडतो, सव्वातीन-साडेतीन टक्क्यांपासून आठ टक्क्यांपर्यंत घट येते. शिवाय त्यांनी घरी डब्यासकट तोललं होतं. पण हे मी आधी सांगितलं नव्हतं, त्यामुळे चूक माझीच. त्या दिवसापासून सामान गिऱ्हाइकासमोर, डबा वजा करून तोलते. मैदा किती, साखर किती, तूप किती, एकूण किती हे दोन चिठ्ठ्यांवर लिहिते. एक त्यांच्या हातात, एक त्यांच्या डब्यात. "किलोला साठ-सत्तर ग्रॅम कमी भरेल" हे तोंडानेही सांगते आणि चिठ्ठीवरही असतं.

सामानाची यादी आधी द्या, नाहीतर लोक काहीही आणतात. मी देते ती अशी : मैदा ७०० ग्रॅम, बेसन २०० ग्रॅम, बारीक रवा १०० ग्रॅम, पिठीसाखर ५०० ग्रॅम, वनस्पती किंवा तूप ५५० ग्रॅम, वेलची. बेकिंग पावडर आणि चिमूटभर सोडा-मीठ माझ्याकडचं, कारण ते मापात पडायला हवं. साखर घरीच दळून, चाळून आणायला सांगा. घरचं कढवलेलं तूप असेल तर हात लावून बघा. नीट कढलं नसेल तर त्यात पाणी राहतं आणि बिस्किट भाजताना पसरतं. अशा वेळी तूप पुन्हा कढवून आणायला सांगायचं. थोडं वाईट वाटतं त्यांना, पण नंतरच्या भांडणापेक्षा परवडतं.

मळण्याची पद्धत साधी आहे. तूप आणि साखर हाताने फेटायचं, रंग पांढुरका होईपर्यंत. मग चाळलेली पिठं घालायची आणि गोळा जमेपर्यंतच मिसळायचं. कणकेसारखं तिंबायचं नाही, नाहीतर नानखटाई खुसखुशीत न होता दगड होते. १६० ते १७० अंशांवर अठरा-वीस मिनिटं. मागच्या बाजूला उष्णता जास्त असते, म्हणून अर्ध्या वेळेत ट्रे फिरवायचा. बाहेर काढल्यावर मऊ वाटते, तशीच राहू द्या. थंड झाली की कडक होते. गरम असताना डब्यात भरली की घाम सुटतो आणि दोन दिवसांत सादळते.

वळायला मात्र त्यांच्याच घरची एक बाई बोलावते. दोन कामं होतात. हात वाढतो, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांचं तूप त्यांच्याच पिठात जातं. पहाटेच्या चार तासांत दोघी मिळून आठ-नऊ किलो निघतं. गप्पा होतात त्या वेगळ्याच. गावातली निम्मी सोयरीक माझ्या ओट्यावर ठरते असं आमचे हे म्हणतात.

कमीत कमी दोन किलोचं काम घ्या. अर्ध्या-एक किलोसाठी मशीन तापवणं परवडत नाही. दोन घरांचा माल एका घाण्यात कधीच मिसळू नका, तूप वेगळं असतं आणि जिभेला कळतं. अंड्याचं काम घेणार असाल तर भांडी, ट्रे, दिवस सगळं वेगळं. मी अंडं घेतच नाही. श्रावण, गुरुवार, एकादशी धरणारी घरं इतकी आहेत की त्या एका गोष्टीवर अर्धं गाव तुटेल.

दर कसा काढायचा

मजुरीचा माझा दर कच्च्या मालाच्या किलोला साठ रुपये आहे. त्यातले आठेक रुपये विजेला जातात. नऊ किलो निघालं तर बटर पेपर वगैरे वजा जाता साडेचारशेच्या आसपास हातात येतात. तुमच्या भागातला दर वेगळा असेल. तो ठरवताना जवळच्या भट्टीचा दर आणि तिथे जायचं एसटीचं भाडं दोन्ही विचारात घ्या. गिऱ्हाईक तेच करतं.

स्वतःचा माल विकायचा असेल तर हिशेब असा मांडा. वरच्या यादीचं सामान मी स्वतः आणलं तर : मैदा २८ रुपये, बेसन २०, रवा ५, साखर २२, वनस्पती ८२, वेलची-पावडर १२. झाले १६९. कच्चा माल सव्वादोन किलोच्या आत, भाजून हातात एक किलो ९००. म्हणजे किलोला सामानाचे ८९ रुपये. पॅकिंग ८, वीज ८, मोडतोड ५. आणि माझा किलोमागे एक तास, त्याचे ३० रुपये. एकूण १४०. हे भाव माझ्या वहीतले आहेत, दर महिन्याला बदलतात. तुमच्या वहीत तुमचे लिहा.

त्या तीस रुपयांवरच बायका काट मारतात. "घरचंच तर काम हाय." घरचं नाही. त्याच तासात तुम्ही शेतात निंदायला गेल्या असत्या तर मजुरी घेतलीच असती.

मी पन्नास ग्रॅमची पुडी दहा रुपयांना विकते, म्हणजे किलो दोनशे. घरून विकली तर किलोमागे साठ सुटतात. किराणा दुकानदार वीस टक्के घेतो, मग वीसच राहतात. म्हणून दुकानात माल कमी आणि बाजाराच्या दिवशी स्वतः बसणं जास्त. दहाच्या नोटेला पर्याय नाही, मंदीत तर नाहीच. वीसची पुडी केली होती एकदा. तिच्याकडे बघून लोक दहाची मागायचे.

काय करायचं नाही

पाव करू नका. यावरून माझ्याशी वाद घालणाऱ्या बऱ्याच भेटल्या. तालुक्याच्या बेकरीची गाडी रोज सकाळी गावात येते, न खपलेली लादी परत नेते आणि एका लादीवर मोजके पैसे कमावते. ते हजारो लाद्यांवर जगतात, तुम्ही वीस लाद्यांवर जगणार नाही. त्यात यीस्टचं काम. आमच्या उन्हाळ्यात पीठ अर्ध्या वेळात फुगून आंबतं, बर्फाच्या पाण्याने मळावं लागतं, आणि डिसेंबरच्या पहाटे तेच पीठ हलतच नाही.

खारीही नको. तिच्या घड्यांमधलं मार्गारीन गार राहायला हवं, आणि आपल्याकडे मार्च ते जून ते राहत नाही.

क्रीमचा केक शिकायला हरकत नाही, वाढदिवस मंदीतही होतात. गावच्या पोराचा पहिला वाढदिवस तर बॅनर लावून होतो. पण ती क्रीम फ्रीझरमध्ये ठेवावी लागते, आणि चार तास वीज गेली की पाचशे रुपयांचा डबा पाणी होतो. मी क्रीमचे केक नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढेच घेते, अर्धा किलोचे, निम्मे पैसे आगाऊ घेऊन. बाकी वर्षभर साधा रवा केक. तो मोटरसायकलवर खड्ड्यांतून नेला तरी केकच राहतो.

कंपनीच्या ग्लुकोज बिस्किटाची नक्कल करू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटं-केकवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, त्याचा फायदा त्यांच्या पुड्यांना. त्यांच्याशी भावात गाठ नाही. ते करत नाहीत ते करा. ज्वारीची जिरे बिस्किटं माझ्याकडे सगळ्यात जास्त खपतात. मैद्याच्या तीस टक्के ज्वारीचं पीठ घाला, त्याहून जास्त नको. ज्वारीला चिकटपणा नसतो, बिस्किट हातात घेताच भुगा होतो. जवस भाजून, भरडून वरून लावता येतो. संत्र्याच्या दिवसांत सालीचा फक्त केशरी भाग किसून नानखटाईत घाला. पांढरा भाग आत गेला की कडू झालंच म्हणून समजा. संत्री आधी कोमट पाण्यात चोळून धुवा, बागेत फवारे बसलेले असतात.

उन्हाळ्यात वनस्पती तूप तेलासारखं होतं. तेव्हा मैद्याच्या किलोमागे वीस-तीस ग्रॅम कमी घाला आणि वळलेले ट्रे अर्धा तास फ्रीजमध्ये, नसेल तर माठाच्या ओल्या फडक्याखाली ठेवून मग भाजा.

कागद

फार कटकट नाही, पण टाळूही नका. खाण्याची वस्तू विकणाऱ्या प्रत्येकाला, मजुरीवर करून देणाऱ्यालाही, एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते. आपल्यासारख्या छोट्या उलाढालीला साधी नोंदणी पुरते. मी काढली तेव्हा फी वर्षाला १०० रुपये होती. फॉस्कॉस या सरकारी पोर्टलवर फोटो आणि ओळखपत्रावर होते. सेतू केंद्रवाला हजार-दोन हजार मागेल, त्याला सरळ विचारा, सरकारी फी किती आणि तुझे किती. १४ अंकी क्रमांक येतो, तो पुडीवर छापायचा. सोबत पदार्थाचं नाव, घटक जास्त ते कमी अशा क्रमाने, वजन, किंमत, केल्याची तारीख, कधीपर्यंत चांगलं, तुमचा पत्ता, हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका आणि गहू-दूध असल्याची सूचना. पोषणाचा तक्ता कृषी विज्ञान केंद्रातून समजून घ्या. वर्तमानपत्राच्या कागदात बांधून द्यायला बंदी आहे, शाई खाण्यात उतरते.

"कधीपर्यंत चांगलं" ही तारीख मनाने टाकू नका. एकाच घाण्याच्या सहा पुड्या बाजूला ठेवा, दहाव्या, विसाव्या, तिसाव्या दिवशी फोडून चाखा. खवट वास ज्या दिवशी आला त्याच्या बरंच आधीची तारीख टाका. पावसाळ्यात ही परीक्षा वेगळी घ्या.

लहान धंद्याची उद्यम नोंदणी आधार क्रमांकावर फुकट होते. जीएसटीची मर्यादा मालासाठी ४० लाखांची आहे, तिथे पोहोचलात तर मला चहाला बोलवा.

कर्ज

पहिले तीन महिने घेऊ नका. मशीन, काटा, ट्रे, थर्मामीटर, वायरिंग मिळून जुन्या मशीनवर दहा-अकरा हजारांत बसतं. एवढं बचत गटातून उचला. आमच्या गटात महिना शेकडा एक रुपया व्याज आहे, आणि ते व्याज गटातच राहतं. दर आठवड्याला दारात वसुलीला येणाऱ्या फायनान्सकडून धंद्यासाठी पैसे उचलू नका. बिस्किटांचा पैसा आठवड्याच्या मापाने येत नाही. पेरणीच्या महिन्यात तो येतच नाही, हप्ता मात्र येतो.

काम जमलं आणि मोठं मशीन हवंच असेल, तर मुद्राचं शिशू कर्ज ५०,००० रुपयांपर्यंत मिळतं, तारण लागत नाही. २०२० मध्ये केंद्राने सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना आणली, तिच्यात प्रकल्पाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान. स्वतःचे निदान १० टक्के घालावे लागतात. उमेद या सरकारी अभियानाच्या बचत गटातल्या, अन्नप्रक्रिया करणाऱ्या बाईला याच योजनेतून बीज भांडवल ४०,००० रुपयांपर्यंत. अर्ज सध्या घेतात का, ते तालुका कृषी कार्यालयात आणि गटांचं काम बघणाऱ्या तुमच्या गावच्या सीआरपीताईला आधी विचारून घ्या. एक गोष्ट मात्र नीट ऐका. ३५ टक्के अनुदान हातात पडत नाही. ते बँकेत वेगळं ठेवतात आणि तीन वर्षांनी कर्जात वळतं करतात. तोवर अनुदान नाहीच असं धरून हप्ता भरता यायला हवा. अनुदान धरून गणित मांडणाऱ्या दोघींची मशीनं आज गोडाऊनला आहेत.

उधारी

"कापूस विकला की देतो." हे वाक्य तुम्हाला आठवड्यातून तीनदा ऐकू येईल, आणि बोलणारा खोटं बोलत नसतो. कापूस विकला जातो, पण त्या पैशावर बियाणं-खत उधार देणाऱ्या कृषी केंद्रवाल्याचं नाव आधीच लिहिलेलं असतं.

मजुरीचं काम उधार द्यायचं नाही. पिपा उचलताना पैसे. त्याऐवजी धान्य चालेल असं सांगा. माझ्याकडे बऱ्याच जणी पायलीभर ज्वारी, तीळ, जवस घेऊन येतात. त्या दिवशीच्या बाजारभावाने मी ते घेते आणि चिठ्ठीवर लिहिते. ज्वारी माझ्या बिस्किटांना लागतेच. रोख नसलेल्या घराला लाज वाटत नाही आणि माझंही काही अडकत नाही. दुकानदाराला पहिला माल निम्म्या रोखीने द्या. तो "खपल्यावर देतो" म्हणाला तर दहाच पुड्या ठेवा आणि आठवड्याने जाऊन स्वतः मोजा.

सामान पंधरा दिवसांपुरतंच आणा. पन्नास किलोचं पोतं स्वस्त दिसतं, पण श्रावणापर्यंत त्यात अळ्या आणि पाखरं होतात. बटर पेपर, डबे, वेलची असलं मी नागपूरला इतवारीत घेते, दोन महिन्यांतून एकदा. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे म्हणून ती चक्कर परवडते.

वर्षाची वाटणी

जून-जुलैत पैसा सगळा बियाण्या-खतात. त्या दोन महिन्यांत विक्रीची आशा धरू नका. मशीनची कॉइल, वायर, ट्रे दुरुस्त करून घ्या, नवीन काही करून पाहा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लाकडी बैल घेऊन पोरं दारोदार बोजारा मागत फिरतात, त्या एका दिवशी दहाच्या पुड्या शेकड्याने जातात. आधीच्या आठवड्यात करून ठेवा आणि डबे घट्ट बंद करा, हवा दमट असते. मग सोयाबीन निघतं, कापसाच्या पहिल्या वेचणीची पूजा, म्हणजे सीतादही, होते, थोडा पैसा फिरायला लागतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडच्या बहिणींना दिवाळीनंतर मंडईचा, म्हणजे गावोगावच्या जत्रांचा, हंगाम आहे. वडसा भागातली झाडीपट्टीची नाटकं रात्रभर चालतात, चहाच्या प्रत्येक टपरीवर काहीतरी कोरडं लागतं. एप्रिल-मे लग्नांचा. रुखवतासाठी नानखटाई मागतात, पण उन्हामुळे माल नीट होत नाही, तेव्हा ऑर्डर हातात झेपेल एवढीच.

दिवाळी हा खरा हंगाम, आणि तो बिघडतो तो जास्त कामाने. माझी वही दसऱ्याला उघडते. एका पहाटेला नऊ किलो, त्यापुढे नाव लिहीत नाही, मग पाटलांच्या घरचं असो की सरपंचांच्या. तारीख देताना लांबच्या वस्तीला आधीच्या तारखा देते, त्यांना पिपा न्यायला बैलगाडी किंवा ऑटो बघावा लागतो. आठवड्यातली एक पहाट मोकळी ठेवते, वीज गेलेल्या दिवसाचं काम तिथे सरकतं. वसुबारसेच्या दोन दिवस आधी वही बंद. त्यानंतर डबा घेऊन कुणी आलंच तर त्याला पाडव्यानंतरची तारीख सांगायची. भाऊबिजेला माहेरी आलेल्या पोरी परत जाताना पिपा घेऊनच निघतात.